हस्करची दुसरी वाट: सिल्कस्टोनच्या खाणीत बुडालेल्या २६ मुलांचं प्रकरण

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात सिल्कस्टोन नावाचं गाव आहे. तिथल्या ऑल सेंट्स चर्चच्या आवारात १८४१ साली उभारलेलं एक दगडी स्मारक आहे. त्यावर कोरलेला मजकूर सांगतो की ४ जुलै १८३८ रोजी परमेश्वराने आपली मेघगर्जना, विजा, गारा आणि पाऊस धाडला, आर. सी. क्लार्क यांच्या कोळशाच्या खाणीत एकाएकी पाणी उसळलं आणि २६ माणसांना आपल्या निर्मात्यासमोर हजर होण्याचं बोलावणं आलं. शेवटी वाचणाऱ्याला ताकीद आहे: देवाची हाक कानाआड करू नकोस, जागा राहा.

या मजकुरात 'मुलं' हा शब्द कुठेच नाही. खाली कोरलेली नावं आणि त्यांच्यापुढची वयं वाचत गेलं की मग कळतं. ११ मुली, १५ मुलगे. सात वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंत. प्रौढ माणसाचं नाव एकही नाही.

ज्या हस्कर खाणीत ही मुलं गेली, ती खाण नाहीशी होऊन किती तरी काळ लोटला. कामगारांच्या इतिहासात तिचा उल्लेख येतो तो एका कायद्याची प्रस्तावना म्हणून: हस्करला मुलं बुडाली, देश हळहळला, १८४२ साली कायदा झाला. प्रकरण सुटं करून पाहिलं तर ही सरळ रेघ मला पटत नाही. त्या दुपारी खाणीत जे जे चुकलं, त्यातल्या एकाही गोष्टीला १८४२ चा कायदा शिवला नाही. मुली आणि लहान मुलगे खाणीतून बाहेर आले, ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण खाण होती तशीच राहिली. आणि मुळात ही मुलं पावसाने मेली का, हा प्रश्न त्या स्मारकाने उत्तर देऊन बंद करून टाकला होता. तो पुन्हा उघडायला हवा.

गाव, थर आणि गाडीवाट

सिल्कस्टोन बार्न्सलीच्या पश्चिमेला साधारण चार मैलांवर आहे. या एवढ्याशा गावाचं नाव कोळशाच्या एका थराला मिळालं आणि यॉर्कशायरच्या कोळसापट्ट्यात तो थर आजही 'सिल्कस्टोन' म्हणूनच ओळखला जातो. घरातल्या शेकोटीसाठी हा कोळसा उत्तम समजला जाई आणि लंडनपर्यंत त्याला मागणी होती. अडचण होती ती तो गावाबाहेर नेण्याची. बार्न्सली कालवा १७९९ मध्ये सुरू झाला, पण त्याचा धक्का गावापासून दूर राहिला. मधलं अंतर जोडायला १८०९ मध्ये सिल्कस्टोनची गाडीवाट तयार झाली. दगडी ठोकळ्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आणि त्यांवरून घोड्यांनी ओढायच्या कोळशाच्या गाड्या. ते ठोकळे आजही तिथल्या पायवाटेवर दिसतात.

गाडीवाटेचा हा तपशील वरवर पाहता दूरचा वाटेल, पण तो इथे लागतो. कोळसा कालव्याच्या काठापर्यंत पोचायला लागला की आणखी कोळसा हवा असतो आणि जमिनीवरची वाहतूक सुधारली तरी जमिनीखालची वाहतूक जुनीच असते. वर घोडा लागला. खाली, जिथे घोडा उभा राहू शकत नव्हता अशा बुटक्या वाटांवर, मुलं लागली.

क्लार्क हे तिथले मोठे खाणमालक. त्यांची मुख्य खाण मूरएंड. हस्कर ही तिच्याशी आतून जोडलेली जुनी खाण, मुख्यतः हवा खेळती ठेवण्याच्या उपयोगाची. हस्करला एक उभी विहीर होती. तिच्यातून वाफेच्या इंजिनाच्या जोरावर माणसं आणि कोळसा वरखाली होत. आणि तिला एक दुसरी वाट होती. नॅब्ज वुड नावाच्या झाडीत एका ओढ्याजवळ तिचं तोंड उघडायचं आणि तिथून ती तिरकी उतरत खाणीत जायची. अशा वाटेला खाणकामगार 'डे होल' म्हणत. त्यांच्या बोलीत 'डे', म्हणजे दिवस, हा जमिनीवरच्या जगाचा शब्द होता. तेव्हा डे होल म्हणजे दिवसाचं भोक, जिथून उजेड दिसतो ते भोक.

मुलं खाली काय करत होती

यॉर्कशायरच्या खाणीत कोळसा फोडणाऱ्याला 'गेटर' म्हणत. त्याने फोडलेला कोळसा छोट्या गाडीत भरून विहिरीच्या तळापर्यंत ढकलत किंवा ओढत नेणारा तो 'हरिअर'. हे काम मुलामुलींचं होतं. बहुतेक वेळा हरिअरला मालक थेट कामाला ठेवत नसे. गेटर त्याला ठेवायचा आणि आपल्या मजुरीतून त्याला द्यायचा, म्हणून स्वतःचीच पोरं खाली नेणं त्याला परवडायचं. मालकाच्या वहीत पुष्कळदा ही मुलं नसायचीच. जबाबदारी कुणाची, हा प्रश्न इथूनच निसरडा होतो.

त्याहून लहान मुलांचं काम 'ट्रॅपर'चं. खाणीतली हवा वाटेल तिथून फिरू दिली तर ती जवळच्या वाटेने निसटते आणि लांबच्या तोंडाशी काम करणाऱ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून वाटांवर लाकडी दारं बसवतात. गाडी आली की दार उघडायचं, गेली की बंद करायचं. त्या दाराशी अंधारात मूल बसवलेलं असे, हातात दोरी. या प्रकरणात एक दारच सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

बार्न्सलीजवळच्याच गॉबर खाणीतल्या सॅरा गुडर नावाच्या आठ वर्षांच्या मुलीने पुढे सरकारी आयोगापुढे आपलं काम सांगितलं. तिला दिव्याशिवाय दाराशी बसावं लागे. पहाटे चारला, कधी साडेतीनलाच ती खाली जाई आणि संध्याकाळी पाचनंतर वर येई. उजेड असला तर ती कधीकधी गाणं म्हणे, अंधारात मात्र म्हणत नसे, कारण तेव्हा गायची छाती होत नसे. ही साक्ष मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढे वाचणं थांबवावं लागलं होतं. हस्करची मुलं याच वयाची, याच भागातली, याच कामातली.

त्या काळी हे बेकायदेशीर नव्हतं. १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांमध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली होती, पण खाणी त्यातून बाहेर होत्या. सुताच्या गिरणीत ज्या मुलाला पाय ठेवता येत नव्हता, त्याला खाणीत उतरवायला कुणाची हरकत नव्हती.

ती दुपार

बुधवार होता. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याभिषेकाला सहा दिवस झाले होते. मुलं सकाळीच खाली गेली होती. दुपारी दोनच्या सुमारास आभाळ फाटलं आणि गारांसकट मुसळधार कोसळू लागलं. पाणी इंजिनाच्या बॉयलरपर्यंत आलं आणि त्याखालची आग विझली. वाफ संपली, म्हणजे उभ्या विहिरीतून वर येण्याची सोय संपली.

इथवर कुणाच्याही जिवाला धोका नव्हता. इंजिन बंद असताना खाली थांबणं त्रासाचं असतं, पण तेवढ्याने कुणी मरत नाही. वरून निरोप गेला की सगळ्यांनी विहिरीच्या तळाशी जमावं आणि वाट पाहावी.

मुलं तोवर नऊ तास खाली होती. काम थांबलेलं, वर नेणारं इंजिन बंद, आणि निरोपाचं कारण त्यांना नीट कळलेलं नाही. त्या वेळच्या हकिकतीत असंही येतं की विजांचा गडगडाट ऐकून काहींना खाणीत वायूचा स्फोट झाला असं वाटलं. कोळशाच्या खाणीत स्फोटाची भीती दूध पिताना शिकलेली असते. साधारण चाळीस मुलं उठली आणि डे होलच्या दिशेने निघाली. ती वाट त्यांना माहीत होती, तिच्या टोकाला उजेड होता. ही बेशिस्त होती असं मला वाटत नाही. वरची वाट बंद आहे आणि दुसरी वाट समोर आहे, तर माणूस दुसऱ्या वाटेनेच निघणार.

वाटेत हवेसाठी बसवलेलं एक दार होतं. मुलं ते ओलांडून चढाला लागली आणि दार त्यांच्या मागे बंद झालं.

एरवी नॅब्ज वुडचा तो ओढा अगदी किरकोळ होता. त्या दुपारी तो पात्र सोडून वाहू लागला आणि डे होलच्या तोंडातून आत घुसला. तिरकी वाट म्हणजे पाण्याला आयतं नळकांडं मिळालं. लोंढा वरून आला, मुलांचे पाय सुटले, आणि तो त्यांना खाली लोटत नेऊन त्याच दारावर आदळला. दार बंद होतं. त्याच्यामागे पाणी चढत गेलं आणि २६ मुलं तिथे बुडाली. काही जण बाजूच्या वाटेत शिरू शकले आणि मूरएंडच्या बाजूने सुटले. मेलेल्यांत सख्खे भाऊही होते. बाहेर काढायला उतरलेल्या माणसांमध्ये मुलांचे बाप होते.

थोडा वेळ थांबली असती तर वाचली असती, असं नंतर कुणीही म्हणू शकतं. ते खरंही आहे. जी मुलं विहिरीच्या तळाशी थांबली, ती वाचली. पण या वाक्याचा भार नकळत त्या मुलांच्याच डोक्यावर जातो.

चौकशी आणि तिचा निकाल

गावातल्या रेड लायन इनमध्ये मृत्यूची चौकशी झाली. निकाल आला: अपघाती मृत्यू. लंडनच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. सात आठवड्यांत किंवा सात वर्षांत कुणावर काही ठपका आला, असं घडलं नाही, आणि त्या काळच्या कायद्यात ठपका ठेवायला फारशी जागाही नव्हती. खाणीची रचना कशी असावी, बाहेरच्या वाटा किती असाव्यात, त्यांची देखभाल कुणी करावी, यावर इंग्लंडमध्ये तेव्हा नियमच नव्हते. खाणींवर एकही सरकारी निरीक्षक नव्हता.

'अपघाती' या शब्दाला कायद्यात जो अर्थ आहे, तो मला मान्य आहे. पण घटनाक्रम उलटा वाचत गेलं तर प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आधी केलेली निवड सापडते. डे होलचं तोंड ओढ्याजवळ होतं. ती वाट हवेसाठी म्हणून सांभाळली जात होती, माणसांच्या सुटकेची वाट म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. हवेसाठी बसवलेलं दार हवेचाच विचार करून बसवलेलं होतं, आणि त्याचं काम बंद राहणं हेच होतं. इंजिन बंद पडल्यावर खाली निरोप गेला तो थांबा एवढाच. डे होलकडे जाऊ नका, तिथे ओढा आहे, पूर येईल, हे त्यात असतं तर? आणि वर पावसात उभ्या असलेल्या एखाद्या माणसाला झाडीत जाऊन डे होलच्या तोंडाशी पाणी येतंय का ते बघावंसं वाटलं असतं तर?

खाणीला दुसरी वाट होती. हस्करची शोकांतिका तिथेच आहे. पुष्कळ खाणींना ती सोयही नव्हती. हस्करला होती, ती मुलांना माहीत होती, आणि नेमक्या संकटाच्या वेळी ती वाट मृत्यूकडे जाणारी ठरली. वाट केवळ असून भागत नाही. पाण्यापासून ती राखावी लागते, कोणत्या वेळी वापरायची आणि कोणत्या वेळी नाही हे ठरवावं लागतं, आणि संकटात तिच्या तोंडाशी एक जबाबदार मोठं माणूस उभं असावं लागतं. त्या वाटेवर मेलेल्या सव्वीस जणांत एकही मोठं माणूस नाही. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. मुलांना रोज खाली नेणारी मोठी माणसं होती, त्यांच्याकडून काम करून घेणारी होती. पण त्या चढावर मुलांबरोबर मोठं कुणीच नव्हतं.

१८४२ चा कायदा काय बदलू शकला

१८४० साली खासदार लॉर्ड अ‍ॅशली यांच्या मागणीवरून मुलांच्या कामाची चौकशी करणारा आयोग नेमला गेला. थॉमस टूक, डॉ. साउथवुड स्मिथ, लिओनार्ड हॉर्नर आणि रॉबर्ट साँडर्स हे चौघे त्याचे सदस्य. त्यांचे उपआयुक्त खाणींत उतरले आणि त्यांनी मुलामुलींच्या साक्षी घेतल्या. यॉर्कशायरच्या या भागातल्या कोळसा खाणींचं काम जेलिंगर सिमन्स यांच्याकडे होतं. मे १८४२ मध्ये पहिला अहवाल आला, आणि त्यात चित्रं होती: कमरेला पट्टा बांधून चार पायांवर गाडी ओढणारी मुलगी, दाराशी बसलेलं पोर. ज्यांनी शेकडो पानं कधीच वाचली नसती, त्यांनी ती चित्रं पाहिली.

हस्करचं दुःख या सगळ्यामागे कुठेतरी होतं, यात शंका नाही. पण मला वाटतं, देश हादरला तो मुख्यतः दुसऱ्या कारणाने. उघड्या अंगाने काम करणारे पुरुष आणि त्यांच्या शेजारी मुली, अंधारात, एका वाटेवर, ही कल्पना व्हिक्टोरियन मनाला सोसवली नाही. लाजेने जे जमलं, ते २६ मृत्यूंनी जमलं नव्हतं. अ‍ॅशली यांनी ७ जून १८४२ रोजी संसदेत विधेयक मांडलं. त्यात १३ वर्षांखालच्या मुलग्यांना बंदी होती. वरिष्ठ सभागृहात खाणमालक लॉर्ड लंडनडेरी यांच्यासारख्यांनी कडवा विरोध केला आणि वयाची अट उतरत दहावर आली. १० ऑगस्ट १८४२ रोजी कायदा झाला. कोणत्याही वयाच्या मुलीला आणि बाईला जमिनीखाली काम करता येणार नव्हतं, तसंच दहा वर्षांखालच्या मुलग्यांनाही. विहिरीवरचं इंजिन चालवणारा पंधरा वर्षांपेक्षा लहान नसावा, अशीही अट होती.

हस्करच्या यादीला हा कायदा लावून पाहा. अकरा मुली वाचल्या असत्या, दहा वर्षांखालचे मुलगे वाचले असते. दहाच्या वरचे मुलगे मात्र त्या दुपारीही खालीच असते आणि त्याच चढावर निघाले असते. डे होल, ओढा, दार, निरोप यांबद्दल कायद्यात अवाक्षर नव्हतं. निरीक्षक म्हणून ह्यू सेमूर ट्रेमेनहीर नेमले गेले. देशभरातल्या खाणींसाठी एकटा माणूस, आणि त्याचं काम खाणकामगारांची परिस्थिती पाहण्याचं. खाणीच्या सुरक्षिततेची तपासणी करणारे निरीक्षक १८५० च्या कायद्याने आले.

कायद्याने दुसरीही एक गोष्ट केली नाही, आणि तिच्याबद्दल क्वचितच बोललं जातं. खाणीतून बाहेर काढलेल्या बायकामुलींच्या बुडालेल्या मजुरीचं काय, याचा विचार त्यात नव्हता. ज्या घरांत दोन मुलींची मजुरी येत होती, तिथे ती एका तारखेला थांबली. १ मार्च १८४३ नंतर सगळ्याच बायका बाहेर. काही पुरुषांचे कपडे घालून पुन्हा खाली गेल्या.

दुसऱ्या वाटेचा प्रश्न यायला आणखी वीस वर्षं लागली. १६ जानेवारी १८६२ रोजी नॉर्थम्बरलंडमधल्या हार्टली खाणीत पंपाच्या इंजिनाची प्रचंड बीडाची तुळई मोडून खाणीच्या एकुलत्या एक विहिरीत कोसळली आणि विहीर बुजली. दुसरी वाट नव्हती. २०४ माणसं आणि मुलं गेली. त्याच वर्षी कायदा झाला की खाणीला बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटा असल्याच पाहिजेत.

हार्टलीने एक वाट असण्याचा धोका दाखवला. दोन वाटा असून काय होतं, हे हस्करने चोवीस वर्षं आधी दाखवलं होतं. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचली जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. हार्टलीनंतरच्या नियमाचा जो पुढचा भाग असायला हवा होता, की दुसरी वाट पाण्यापासून राखलेली असावी, तिच्यावरची दारं आतल्या माणसाला कोंडणार नाहीत अशी असावीत, तो सिल्कस्टोनच्या चौकशीत कुणी मागितला असता तर तो अनुभवातून आलेला असता.

आज तिथे

हस्कर खाण उरलेली नाही. इंजिन नाही, विहिरीचं तोंड नाही. सिल्कस्टोनचा कोळसाही इतिहासजमा झाला आहे. गाडीवाटेचे दगडी ठोकळे पायवाटेत उरले आहेत. नॅब्ज वुडची झाडी आहे.

गावाने ही गोष्ट सोडली नाही. घटनेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९८८ मध्ये, त्यांनी आणखी एक स्मारक उभारलं. चर्चचं आवार त्यासाठी निवडलं नाही. ते नॅब्ज वुडमध्ये आहे, जिथे डे होल उघडत होतं तिथे. २०१० मध्ये चर्चलाही मुलांच्या आठवणीसाठी रंगीत काचेची खिडकी मिळाली. १८४१ चा दगड आपल्या जागी आहे, त्याच्यावरचं परमेश्वराचं नाव, मालकाचं नाव आणि मुलांची नावं जशीच्या तशी.